पांढरी पडलेली पलटण

रविवारी रात्री जेवायला आत गेलो तेव्हा पडवीतल्या पाटावर मांडलेली पलटण खाकी आणि हिरवी होती. सोमवारी सकाळी सहाला दार उघडलं, तर ४८ शिपाई आणि पाच रणगाडे पिठाच्या गिरणीत रात्र काढून आल्यासारखे दिसत होते. चेहऱ्यांवर राखेचा थर, रणगाड्यांच्या पाठीवर दुधाळ साय. पाच महिन्यांचं रंगकाम होतं ते.

हे प्रकरण तपशिलात लिहायचं कारण असं, की मिनिएचर, म्हणजे अशा चिमुकल्या लष्करी आकृत्या, रंगवणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना जी माहिती मिळते ती बहुतेक थंड आणि कोरड्या देशांतल्या लोकांची असते. गोव्यातल्या डिचोलीत जुलै महिन्यात मॅट वार्निश, म्हणजे रंगावर द्यायचा बिनचमकीचा संरक्षक थर, कसं वागतं, हे त्यात नसतं. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा जून-जुलैचा असतो. लोणच्याच्या बरणीपासून देवघरातल्या कापसाच्या वातीपर्यंत सगळ्याला ओल येते. रंगाला ती येणार नाही असं मी धरून चाललो होतो.

पलटण कुठली

१/५ मराठा लाइट इन्फन्ट्रीची, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनची, एक कंपनी, १५ मिलिमीटर मापात. या मापात उभा माणूस करंगळीच्या एका पेराहून लहान असतो. प्रमाण साधारण एकास शंभर, म्हणून साडेसात मीटर लांबीचा चर्चिल रणगाडा टेबलावर साडेसात सेंटिमीटरचा होतो. शिपाई धातूचे, रणगाडे प्लॅस्टिकचे.

प्रसंग दुसऱ्या महायुद्धातला, ९ एप्रिल १९४५चा, उत्तर इटलीतल्या सेनिओ नदीवरचा. नदीच्या दोन्ही काठांना पुरासाठी घातलेले मातीचे बांध, कित्येक ठिकाणी दोन मजली घराएवढे उंच. त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी मशीनगनची ठाणी खणली होती. ते फोडून नदी ओलांडायचं काम ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी फौजेतल्या आठव्या डिव्हिजनकडे आणि तिच्या शेजारी न्यूझीलंडच्या डिव्हिजनकडे होतं. मदतीला चर्चिल रणगाडे आणि आगीचा फवारा सोडणारी वाहनं होती. माझ्या भाच्याला आधी बांधाची कल्पना येईना. त्याला आमच्याकडच्या खाजन शेतीचे, खाडीचं पाणी अडवणारे बांध दाखवले आणि म्हटलं, याच्या कितीतरी पट उंच, आणि आत माणसं लपलेली. मग त्याने स्वतःच थर्मोकोल कापायला घेतला.

त्या दिवशी १/५ मराठाचे शिपाई नामदेव जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे, होते. पूर्वेकडच्या बांधावर हल्ला करणारी त्यांची छोटी तुकडी जवळजवळ संपली. जाधवांनी दोन जखमींना एकामागून एक उचलून खोल पाण्यातून, बांधाच्या चढावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे पोचवलं. मग परत जाऊन टॉमी गनने एक मशीनगन ठाणं बंद केलं. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून ग्रेनेडनी आणखी दोन. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना करत मागच्या कंपन्यांना त्यांनी हाताने पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. नगर जिल्ह्यातला हा माणूस आपल्या किती घरांत ठाऊक आहे? मला स्वतःला तो बेळगावच्या मित्रामुळे कळला. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे आणि मित्राचे आजोबा त्याच रेजिमेंटमध्ये होते. १५ ऑगस्टला त्याने चोर्ला घाटातून इकडे यायचं, जर्मन बाजू त्याची, मराठा माझी, आणि टेबलावर फाशांनी लढाईचा खेळ मांडून सेनिओ ओलांडायची, असं ठरलं होतं.

म्हणून एक बुड, म्हणजे आकृत्या उभ्या करायची चकती, वेगळं केलं होतं. त्यावर एकच जोडी, खांद्यावर जखमी घेतलेला नामदेव. अशी आकृती तयार मिळत नाही. दोन शिपाई कापून, पुट्टीने जोडून, हात नव्याने घडवून ती केली होती.

रंगात सर्वांत जास्त वेळ त्वचेने खाल्ला. बाटलीवर ‘फ्लेश’ लिहिलेला रंग आपल्या माणसांना लावला तर पलटण यॉर्कशायरची होते. आणि बाजारातला सरळ गडद तपकिरी लावला तर चेहरा लाकडी दिसतो. देशावरच्या, कोकणातल्या माणसाच्या कातडीत तांबूस झाक असते. उन्हात ती कपाळावर आणि गालफडांवर उजळते आणि जबड्याखाली जवळजवळ जांभळट होते. सॅडल ब्राऊनचा थर, त्यावर पातळ सेपिया वॉश (खोबणींत उतरून सावली देणारा पाणीदार रंग), मग बेज ब्राऊनने फक्त नाक, गालफडं आणि बोटांचे सांधे. तीन रंग, ४८ माणसं, दोन महिने. रणगाड्यांना १९४४ पासून ब्रिटिश वाहनांसाठी ठरलेला एससीसी १५ हा ऑलिव्ह ड्रॅब दिला होता आणि सांध्यांत काळपट वॉश भरला होता. टरेटवर, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजावर, आणि अंगावर खुणांची डिकल, म्हणजे चिकटवायची छापील चित्रं, होती.

या सगळ्यावर वार्निश हवंच का, असा प्रश्न मला अनेकदा विचारतात. शोकेसमध्ये ठेवायचं असेल तर नको. पण वॉरगेमिंगच्या, म्हणजे अशा टेबलावरच्या लढायांच्या, तुकड्या खेळात दोनशे वेळा उचलल्या जातात. हाताला घाम असतो, फासे सांडतात, धातूच्या संगिनीवरचा रंग पहिल्याच डावात उडतो. वार्निश हे त्यांचं चिलखत आहे. मॅट एवढ्यासाठी, की चकचकीत शिपाई खेळण्यातला वाटतो.

त्या संध्याकाळी

दुपारभर झड होती. पाचच्या सुमाराला पाऊस थांबला, आकाश थोडं उघडलं, आणि मला वाटलं, हीच वेळ. फेब्रुवारीत याच स्प्रे कॅनने एक जीप वार्निश केली होती, छान झाली होती. कॅन अर्धा मिनिट हलवला आणि पडवीत पाटावर रांगा लावून फवारायला सुरुवात केली. आधी शिपाई चार रांगांत, मग रणगाडे, शेवटी नामदेवचं बुड, कारण ते निवांत करायचं होतं. दहा-बारा मिनिटांत सगळं उरकलं. ओलं असताना काहीच वावगं दिसलं नाही. ओलं वार्निश नेहमीच पारदर्शक दिसतं, फसगत होते ती इथेच.

सकाळी पांढरेपणा पाहिल्यावर पहिल्या अर्ध्या तासात मी जे केलं ते चुकीचं होतं, पण पुढच्या तपासाला तेच उपयोगी पडलं. वाटलं, थर अपुरा बसला असेल. एका रणगाड्यावर त्याच पडवीत तेच वार्निश पुन्हा मारलं. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. तासाभरात तो रणगाडा बाकीच्या चारांपेक्षा पांढरा झाला.

मित्राला फोन केला. फोटो पाहून तो म्हणाला, “डेटॉलमध्ये बुडव सगळं. रात्रभर ठेव, टूथब्रशने रंग काढ, पुन्हा रंगव. अजून महिना आहे.” सल्ला प्रेमाचा होता आणि पद्धत म्हणून खोटा नव्हता. धातूच्या शिपायांवरचा ॲक्रिलिक रंग डेटॉलमध्ये खरंच सुटतो. फक्त घासताना आणि पहिल्यांदा धुताना डेटॉलच वापरावं लागतं. मध्येच पाणी लागलं की रंगाचा चिकट लगदा होऊन तो कपड्यांच्या घड्यांत बसतो. प्लॅस्टिकच्या रणगाड्यांना लॅकर थिनर तर दाखवूही नये, ते विरघळतात. पण हे सगळं पुढचं. आधी प्रश्न असा, की बिघाड कुठल्या थरात आहे? प्रायमर (रंगाखालचं अस्तर), रंग, वॉश, डिकल, वार्निश असे पाच थर होते आणि आम्ही दोघंही पाचही थर फेकून द्यायला निघालो होतो.

चित्रशाळेत

आमच्या वाड्यापासून चार घरं सोडून एक गणपतीची चित्रशाळा आहे. जुलैमध्ये तिथे चिकणमातीच्या मूर्तींच्या रांगा लागलेल्या असतात, काही ओल्या, काही पांढऱ्या धुतलेल्या, काहींवर पीतांबर चढलेला. विचार करा, गोव्यातले मूर्तिकार दर वर्षी नेमक्या सगळ्यात दमट दोन महिन्यांत रंगकाम करतात आणि चवथीला वेळेवर मूर्ती देतात. पावसाळ्यातल्या रंगाबद्दल विचारायचं तर यांच्याइतकं जाणतं दुसरं कोण? तिथल्या मूर्तिकार काकांकडे मी एक शिपाई आणि एक रणगाडा खोक्यात घालून नेला.

काकांनी रणगाडा उजेडाकडे धरला. मग शेजारच्या वाटीतल्या पाण्यात बारीक कुंचला बुडवून त्याच्या पाठीवर एक रेघ ओढली. रेघेत सगळा हिरवा रंग परत आला, सांध्यांतला काळा वॉशसुद्धा. मिनिटभराने पाणी सुकलं आणि पांढरेपणा पुन्हा बसला.

“पुता, तुझा रंग जसाच्या तसा आहे,” ते म्हणाले. “वरची साय तेवढी हवेने धरली. माती ओली असती तर रंग फुगून सुटला असता. हा सुटत नाही, फक्त दिसत नाही.”

मी त्यांना विचारलं, मग तुम्ही काय करता? त्यांनी मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. एका लाकडी कपाटात पिवळा बल्ब लावलेला होता आणि दागिन्यांना चमक द्यायच्या आधी लहान मूर्ती रात्रभर त्यात ठेवलेल्या असत. मोठ्या मूर्तींच्या खोलीत हॅलोजन. “ओल असताना शेवटचा हात देत नाही. रंग देतो, चमक नाही.”

पाण्याची ती रेघ हाच या प्रकरणातला कळीचा पुरावा. चिऱ्याची भिंत उन्हाळ्यात फिकी गुलाबट दिसते आणि पहिल्या सरीत गडद लाल होते, ते याच कारणाने. कोरड्या खरबरीत पृष्ठभागावर उजेड सगळीकडे विखुरतो म्हणून रंग फिका दिसतो. पाण्याने बारीक भोकं भरली की उजेड आत जातो आणि खरा रंग घेऊन परत येतो. पाण्याने जे तात्पुरतं भरलं ते कायमचं भरता आलं, तर एकही थर काढायला नको.

पाटावरचे पुरावे

घरी येऊन मी पाट पुन्हा रविवारच्या क्रमाने मांडला. कोणावर किती साय आहे ते बघत गेलो तेव्हा चित्र उलगडलं. पहिल्या दोन रांगा हलक्या धुरकट, तिसरी-चौथी जास्त, रणगाडे त्याहून वाईट, आणि सर्वांत शेवटी फवारलेला नामदेव पार राखेत. रणगाड्यांचे तळ, जिथे वार्निश पोचलंच नव्हतं, ते स्वच्छ. रांगांच्या टोकाचे शिपाई, ज्यांच्यावर फवारा ओझरता गेला होता, तेही जवळजवळ स्वच्छ.

त्यावरून तीन गोष्टी निघतात. दोष वार्निशमध्ये आहे, रंगात नाही. थर जितका जाड, तितका दोष जास्त. आणि काम पुढे सरकलं तसतसा दोष वाढत गेला आहे. तिसरी गोष्ट सुरुवातीला कळेना. मग आठवलं, शेवटी शेवटी कॅन हाताला गार लागत होता. दाबाखालचा वायू बाहेर पडताना कॅन थंड होतो, फवारा थंड आणि जड येतो, थेंब मोठे पडतात.

मूळ कारण तेच, फक्त मोठ्या मापात. वार्निशमधला द्रव उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. फ्रिजमधून काढलेली बाटली जशी घामेजते, तसा तो गार पृष्ठभाग हवेतली वाफ ओढून घेतो. सुकत्या थरात पाण्याचे सूक्ष्म थेंब अडकतात, नंतर उडून जातात आणि मागे पोकळ्या ठेवतात. आठवड्याने हवेतली आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणलं आणि त्याच वेळी, तशाच उघडिपीत पडवीत ठेवलं. तापमान २८ अंश, आर्द्रता ९० टक्के. या हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या जरासा वर येतो. म्हणजे पृष्ठभाग दोन अंशांनी जरी गार झाला तरी त्यावर दव धरणार, आणि स्प्रे वार्निश त्याहून सहज जास्त गार होतं. पाऊस थांबला म्हणजे हवा कोरडी झाली असं आपण समजतो. खरं तर पावसानंतर अंगणातली माती, छपराची कौलं, झाडं सगळी वाफ सोडत असतात. पंखा लावल्याने आर्द्रता कमी होत नाही, तीच दमट हवा फिरते.

इथे प्रकरण संपलं असतं. पण भिंगातून पाहताना तीन रणगाड्यांच्या इंजिनाच्या झाकणांवर वेगळंच काही दिसलं. धुकट साय नव्हती, रव्यासारखे पांढरे कण होते, आणि पाण्याची रेघ ओढली तरी ते नाहीसे होत नव्हते. हा दुसरा बिघाड, पहिल्याच्या आड लपलेला. मॅट वार्निशला मॅटपणा येतो तो त्यात मिसळलेल्या सिलिकाच्या अतिसूक्ष्म पुडीमुळे. पाच महिने कपाटात उभ्या राहिलेल्या कॅनमध्ये ती पूड तळाशी बसली होती आणि माझ्या अर्ध्या मिनिटाच्या हलवण्याने ती नीट मिसळली नाही, गोळ्या होऊन बाहेर आली. कॅन निदान दोन-तीन मिनिटं, वार्निश ढवळण्यासाठी कॅनच्या आत असलेल्या गोळीचा आवाज मोकळा होईपर्यंत आणि त्यानंतरही हलवायला हवा. हवामानाला सगळा दोष देऊन मी मोकळा झालो असतो, तर उपाय केल्यावरही हे कण तसेच राहिले असते आणि उपायच चुकला असं वाटलं असतं.

काय करून पाहिलं

सगळे प्रयोग दोनदा वार्निश बसलेल्या त्या सर्वांत पांढऱ्या रणगाड्यावर केले. तो गेला तरी चार उरले असते.

पहिला प्रयोग तेलाचा. साय धरलेल्या वार्निशवर ऑलिव्ह तेल चोळायचा उपाय या छंदातले जुने लोक सांगतात. घरी खोबरेल होतं, तेच कापसाच्या काडीने एका बाजूच्या पट्ट्यांवर चोळलं. क्षणात हिरवा परत आला आणि पाण्यासारखा उडूनही गेला नाही. पण दोन दिवसांत त्यावर धूळ चिकटली, बोटांचे ठसे उठले, आणि तेलावर नवीन वार्निश धरत नाही. कपाटात ठेवायच्या तुकडीला चालेल. खेळायच्या तुकडीला नाही. ती बाजू साबणाच्या कोमट पाण्याने धुवून घ्यावी लागली.

दुसरा प्रयोग ग्लॉस वार्निशचा, पाण्यात मिसळणारं, कुंचल्याने लावायचं. विचार सरळ होता, पोकळ्या पारदर्शक थराने भरायच्या. थोडं पाणी घालून पातळ केलं, मऊ सपाट कुंचल्याने लावलं, एकाच दिशेने, पुन्हा पुन्हा न घासता. दुसऱ्या दिवशी साय निम्म्याहून जास्त गेली होती. दुसऱ्या पातळ हाताने उरलेली. रणगाडा काचेसारखा चमकत होता आणि खाली प्रत्येक रिव्हेटभोवतीचा वॉश दिसत होता. मग त्यावर कुंचल्यानेच मॅट, बाटली नीट हलवून, दोन पातळ हात.

हे सगळं कुठे केलं ते महत्त्वाचं. झोपायच्या खोलीत एसी आहे. तो तासभर चालवल्यावर यंत्र २६ अंश आणि ५७ टक्के दाखवत होतं. या हवेचा दवबिंदू १७च्या आसपास, म्हणजे नऊ अंशांची मोकळीक. मग तिथेच स्प्रे का मारला नाही? बंद खोलीत स्प्रे मारू नये. त्याची वाफ छातीत जाते आणि ती पेट घेणारी असते. आणि तुकड्या एसीत गार करून फवारायला पडवीत आणल्या तर आणखी वाईट, गार धातूवर दमट हवा लागताच दव बसतं. चष्मा लावून एसीतून बाहेर पडणाऱ्याला हे रोज अनुभवाला येतं. पाण्यात मिसळणारं वार्निश आणि कुंचला हाच पावसाळ्यातला मार्ग. वेळ लागतो, पण खोली बंद ठेवता येते.

सुकायला जुनं लाकडी खोकं घेतलं, आत वरच्या बाजूला एक लहान पिवळा बल्ब, तुकड्यांपासून हातभर लांब, आणि झाकणाला भोकं. चित्रशाळेतल्या कपाटाचीच नक्कल. ऊब हवी, भाजणी नको. प्लॅस्टिक बल्बजवळ ठेवलं तर वाकतं.

शिपायांना एक ग्लॉस आणि एक मॅट पुरला. सात जणांना ग्लॉसचे दोन हात लागले, ते सगळे चौथ्या रांगेतले. इंजिनावरचे सिलिकाचे कण मात्र ग्लॉसखाली आणखी ठळक दिसायला लागले असते, म्हणून त्या तीन झाकणांवर ते आधी पात्याच्या टोकाने खरवडून काढले. तिथला रंग गेला, तो पुन्हा दिला. एका रणगाड्याचं डिकल खरवडताना फाटलं आणि ते चिन्ह मला हाताने रंगवावं लागलं. भाचा म्हणतो ओळखू येत नाही. मला येतं.

नामदेवला मी सर्वांत शेवटी हात घातला. बाकी ४८ आणि पाच झाल्यावरच. शून्य नंबरच्या कुंचल्याने, भिंगाखाली, आधी जखमीच्या पाठीवर, मग नामदेवच्या चेहऱ्यावर. पहिल्या हातानंतर गालफडाची एकच बाजू उजळली. रात्रभर खोक्यात ठेवला. दुसऱ्या हातानंतर कपाळ, नाक, जखमीचा पाय घट्ट धरलेल्या बोटांचे सांधे एकेक करून राखेतून वर आले. फेब्रुवारी-मार्चच्या किती रात्री त्या बोटांवर गेल्या होत्या! मी बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही.

धुळीचा मुद्दा

मध्ये मित्राने एक पर्याय सुचवला होता, त्याचा विचार इथे नोंदवायला हवा. तो म्हणाला, “राहू दे ना थोडं पांढरं. धूळ म्हणून खपेल.” इतिहासाच्या अंगाने मुद्दा बिनतोड होता. सेनिओवरचा हल्ला हिवाळ्याचा चिखल वाळायची वाट बघूनच एप्रिलमध्ये झाला, जमीन कोरडी होती, आधीच्या बाँबफेकीने धुरळा उठला होता. पण धूळ बसायचे तिचे नियम असतात. ती चाकांवर, ट्रॅकवर, आडव्या कडांवर, माणसाच्या बुटांवर आणि गुडघ्यांवर जमते. टरेटच्या उभ्या भिंतीवर आणि हनुवटीखाली सारखीच बसत नाही. बिघडलेलं वार्निश सगळीकडे एकाच मापाने असतं, म्हणून डोळ्याला खोटं वाटतं. मी साय पूर्ण काढली आणि मग ट्रॅकवर, मडगार्डांवर फिका खाकी रंग ड्राय ब्रशने, म्हणजे जवळजवळ कोरड्या कुंचल्याने, मुद्दाम दिला. प्रयोगांचा जो रणगाडा होता त्याच्या सांध्यांत थोडी साय उरलीच, त्याला ही धूळ जरा जास्त दिली आहे.

ऑगस्ट

आता माझं वर्षाचं वेळापत्रक बदललं आहे. प्रायमर आणि स्प्रेची सगळी कामं नोव्हेंबर ते मार्च, तीही सकाळी दहानंतर, यंत्रात आर्द्रता ६०च्या खाली असेल तेव्हाच. कॅन आधी कोमट पाण्यात दोन मिनिटं धरतो, गरम पाण्यात कधीच नाही. पहिला फवारा नेहमी भंगारातल्या तुकड्यावर, तो तासभर सुकल्यावर पुढचं. पावसाळ्यात फक्त कुंचला. जून ते सप्टेंबर हे खरं तर चेहरे रंगवायचे महिने आहेत. दमट हवेत ॲक्रिलिक पॅलेटवर लवकर सुकत नाही आणि त्वचेच्या छटा एकमेकींत मिसळायला वेळ मिळतो. हे मात्र मला या प्रकरणाआधीही ठाऊक होतं.

१५ ऑगस्टला मित्र सकाळीच निघाला. चोर्ला घाटात धुकं होतं, म्हणून यायला अकरा वाजले. थर्मोकोलचे दोन बांध, मध्ये निळ्या-करड्या रंगाची सेनिओ. दुपारी तीनला माझी दुसरी प्लॅटून पलीकडच्या बांधावर पोचली. त्याच्या मशीनगनच्या फाशांनी ती जवळजवळ संपवली, आणि मी नामदेवचं बुड पाण्यात उतरवलं. मित्र काही बोलला नाही. त्याने आपली पुढची चाल थांबवली आणि ते बुड पलीकडे पोचेपर्यंत हातातले फासे तसेच धरून ठेवले.

चारच्या सुमाराला काका दहा मिनिटांसाठी आले. चवथ तोंडावर, हातांना गुलाबी रंग लागलेला, म्हणून कशाला हात न लावता आधी टेबलाभोवती फिरले. मग विचारलं, “त्यातला तो कुठला?” मी दाखवला. त्यांनी बोटं लुंगीला पुसली, बुडाच्या कडेला धरून नामदेवला खिडकीपाशी नेलं आणि उजेडात फिरवून पाहिलं.

“आखणी केली नाहीस डोळ्यांची.”

मी म्हटलं, “एवढ्या लहान चेहऱ्यावर डोळे काढले तर बटबटीत दिसतात काका. भुवईखाली नुसती सावलीची रेघ दिली आहे.”

त्यांनी पुन्हा पाहिलं, बराच वेळ. “बघतोय तो,” म्हणाले, बुड बांधाच्या माथ्यावर नेमक्या जागी ठेवलं, आणि पाऊस थांबला होता तेवढ्यात चित्रशाळेकडे निघून गेले.